तिजेच्या रात्रीचा दोर

भरल्या माठावर थाप पडावी तसा बद्द आवाज झाला. माणसाच्या पाठीवर काठी पडली की असाच आवाज येतो, हे धुरपताबाईला माहीत होतं. वस्तीत राहणाऱ्या बाईला ते शिकवावं लागत नाही. पण आपल्या पोटच्या पोरीच्या पाठीतून तो निघताना ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. हातात तिजेच्या बांगड्या, कमरेला ओच्यात बांधलेल्या दोन काकड्या, अशी ती जावयाच्या दारात उभी राहिली.

"जवाई, हात आवरा," ती म्हणाली. "सणाचा दिवस हाय."

बकाराम वळला. तोंडाला मोहाच्या दारूचा वास, डोळे तांबडे.

"ये मामी, ये. बरी आली." सासूला तिकडे मामीच म्हणतात, आणि बायाही 'करतो', 'जातो' असंच बोलतात. "पह्य तुही पोरगी. मी पहाटेपासून पाण्यात उभा राहून झिंगे आणले, अना ही म्हणते शिजवत नाही. तीज हाय म्हणते. हिच्या देवापायी मी उपाशी राहू का?"

"तुमच्याचसाठी करून राहिली ना ते. तुमच्या आयुष्यासाठी."

"पोटात अन्न नाही तं आयुष्य कायले पाहिजे?" तो स्वतःच्या बोलण्यावर हसला, आणि चुलीजवळ पाठ करून बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं, ती हसते का ते बघायला. शामकलाबाई हसली नाही. वळलीही नाही. सुपातले तांदूळ निवडत राहिली.

प्रेमिला भिंतीशी बसली होती. तिच्यापुढे पितळेच्या परातीत नदीच्या वाळूचा महादेव होता, त्यावर बेल, कण्हेर, आणि ओल्या हातानं दाबलेली लहानशी पिंड. बकारामनं काठी पुन्हा उचलली. या खेपेला ती परातीवर येणार असं दिसलं, तशी प्रेमिला त्या परातीभोवती कासवासारखी वळली. काठी तिच्या बरगडीखाली, मऊ जागी बसली. ती ओरडली नाही. फक्त तोंडातून हवा गेली.

परातीतला एकही बेल हलला नाही.

"हात दुखून आला," बकाराम म्हणाला. काठी कोपऱ्यात फेकून तो भट्टीकडे निघून गेला.

पोळा झाला की तीज, म्हणजे हरतालिका, येईस्तोवर लेकीला माहेरी आणायची, ही त्या नदीकाठची रीत आहे. बाप जातो, नाहीतर भाऊ जातो. प्रेमिलाला भाऊ नव्हता आणि बाप केवळराम दोन पावसाळ्यांमागे तापानं गेला होता. लग्न झाल्यापासून सासरच्यांनी तिला एकाही तिजेला धाडलं नव्हतं. निरोप दिले की "पुढच्या वर्षी" असं उत्तर यायचं. म्हणून यंदा धुरपताबाईनं कुणाला विचारलं नाही. तिजेच्या सकाळी वैनगंगेच्या धारेला नाव लावली आणि दुपार कलायच्या आत ती जावयाच्या गावाला पोचली.

नाव तिच्या नवऱ्याची. त्या भागात मासेमार धिवरांकडे असतात ते डोंगे, एकाच खोडाचे कोरलेले. केवळरामनं मात्र फळ्यांची नाव बांधली होती आणि तिच्यावर बांबू उभा करून पाल लावली होती. शिडाला ते लोक पालच म्हणतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की त्या पालीच्या जोरावर तो धारेच्या उलट जायचा आणि काठावरचे लोक हसायचे, "केवळराम धोतर वाळवाले नदीत गेला." हसण्यासारखंच होतं. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, अंग झाकायला कापड मिळेना, तर पालीला कुठून मिळणार? ती पाल म्हणजे त्याची जुनी धोतरं आणि मधोमध धुरपताबाईच्या लग्नातलं लुगडं, टाचून टाचून शिवलेलं.

तो गेल्यावर नाव विकून टाक असं सगळ्यांनी सांगितलं. तिनं विकली नाही. आषाढात आखाडीच्या सणाला धिवर नावेच्या नाकाला, पुढच्या टोकाला, शेंदूर लावतात आणि नाकावर हात ठेवून शपथ घेतात, की बुडत्याला बांबू दिल्याशिवाय ही नाव पुढं जाणार नाही. मग तो जातीचा असो, परका असो, वैरी असो. त्या वर्षी पुरुषांच्या रांगेत ती उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "बाई शपथ घेऊन राहिली, आता मासोळ्या वेणी घालतीन." तिनं शपथ घेतली, नाव पाण्यात ढकलली. तेव्हापासून उतारू पलीकडे पोचवणं हाच तिचा दिवस, आणि संध्याकाळी नावेच्या नाकाशी दिवा लावून हात जोडणं हीच तिची पूजा.

बकारामचा पाय दाराबाहेर पडला तसं शामकलाबाईनं सूप खाली ठेवलं.

"इहीनबाई," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "तो येतपर्यंत दिवा लागंल. मागचं दार उघडं हाय. मी तिकडे पाहून नाही राहिली."

धुरपताबाईनं मागच्या दाराकडे पाहिलं. "तुमच्यावर येईल ना वो."

"येऊन येऊन गेलं सारं. त्याच्या बापाचा हात याच्याहून जड होता." शामकलाबाईनं पुन्हा सूप उचललं. "माह्या मायजवळ नाव नव्हती."

प्रेमिलाला उठवताना तिच्या कपाळावर घाम फुटला. एक हात बरगडीखाली घट्ट. तरी दुसरा हात परातीकडे गेला.

"माय, महादेव घे."

"राहू दे बाई. देवाले समजते."

"जागर व्हाचा हाय. पहाटे नदीत शिरवाचा हाय. अर्ध्यात नाही टाकत." तिचं म्हणणं ठाम होतं. लहानपणीही ती अशीच, सोळा सोमवार धरले तर तापातही सोडले नाहीत. हे तिनं आईकडूनच घेतलं होतं. आता कुणाला बोलणार? धुरपताबाईनं एका काखेत लेक धरली, दुसऱ्या हातावर परात घेतली आणि मागच्या दारानं, केळीच्या आडून, नदीवर आली.

वारा नव्हता म्हणून संध्याकाळपर्यंत ती काठाकाठानं बांबूनं नाव रेटत आली. पाल फुगली तेव्हा तिजेची कोर नुकतीच उतरत होती. नदी दोन्ही काठांना लागलेली, पाणी गढूळ, काठावरच्या बाभळी कमरेपर्यंत बुडालेल्या. प्रेमिलाला मधल्या फळीजवळ घोंगडीवर निजवलं होतं. तिच्या उशाशी परात आणि परातीपुढे टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा दिवा, फुटक्या मडक्याच्या आडोशाला. रॉकेल मिळत नव्हतं, पण मोहाच्या टोरीला रेशन नव्हतं.

"पाणी पे थोडं," धुरपताबाई म्हणाली.

"पहाटे."

"व्हट सुकले तुहे."

"तिजेले सुकतेतच ना माय." प्रेमिला हसायला गेली आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, "माय, ते सखीची गोष्ट सांग ना."

ती गोष्ट घरोघर माहीत असते. पार्वतीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरलं, तेव्हा तिच्या सखीनं तिला उचलून रानात नेलं, आणि तिथं नदीच्या काठी पार्वतीनं वाळूचा महादेव केला. धुरपताबाई वल्ह्यानं नावेची दिशा धरत ती सांगू लागली. सखी दारातून कशी शिरली, पार्वतीचा हात कसा धरला, मागं वळून पाहायचं नाही असं तिला कसं बजावलं. प्रेमिलाचे डोळे मिटले होते, पण ती ऐकत होती. मध्येच "हं" म्हणत होती.

गोष्ट रानापर्यंत आली आणि मागून वल्ह्याचा आवाज आला.

एकटा माणूस, हलका डोंगा, आणि अंगात राग. धारेविरुद्धही असा डोंगा येतो. वळणावर वारा पडला, पाल सैल झाली आणि बकारामनं त्यांना गाठलं. त्याच्या कमरेला कोयता होता.

"मामी, चोरी करून राहिली का?"

"जवाई, सकाळी बोलू. पंचांसमोर बोलू. आता पोरगी दुखण्यात हाय."

"दुखणं मीच देल्लं, मीच काढतो." डोंगा नावेला आपटला. तो उडी मारून आत आला तशी नाव एका बाजूला कलली आणि पाणी आत आलं. धुरपताबाई मध्ये उभी राहिली. त्याच्या हातातलं वल्हं आडवं आलं आणि तिच्या जबड्यावर बसलं. तोंडात मीठ आणि दाताचा तुकडा. ती खाली बसली, पण तिनं त्याचा पाय धरला. त्यानं दुसऱ्या पायानं तिच्या खांद्यावर लाथ घातली. ती सोडेना. तो तिला फरपटत प्रेमिलापर्यंत गेला, लेकीचे केस मुठीत धरले आणि ओढले. प्रेमिला या खेपेला ओरडली. त्या ओरडण्यानं धुरपताबाईच्या अंगात काय आलं कोण जाणे. तिनं बांबू उचलला आणि त्याच्या पोटरीवर हाणला. हाड वाजलं.

"तुहा घाट मी जाळीन," तो किंचाळला. "तुही नाव जाळीन." आणि कोयता काढून त्यानं पालीचा दोर तोडला.

धिवराचा पोरगा, पण पालीच्या नावेत कधी बसलेला नव्हता. पालीचा दोर तोडल्यावर वरचा आडवा बांबू खाली येतो हे त्याला माहीत नव्हतं. बांबू आला तो थेट त्याच्या मानेवर. कोयता नावेतच पडला, बकाराम पाण्यात गेला. त्याचा मोकळा डोंगा केव्हाच धारेला लागून अंधारात दिसेनासा झाला होता.

नदी एकदम गप्प झाली.

तो दोनदा वर आला. एरवी पट्टीचा पोहणारा, पण दारू पोटात, मानेला मार, पायात बळ नाही. दिव्याच्या उजेडात पाण्यावर एक हात दिसला, बोटं पसरलेली. धुरपताबाईच्या हातात बांबू होता. तिनं तो पुढं केला नाही.

खरं ते सांगायला हवं. तिनं तो पुढं केला नाही. तोंडातलं रक्त गिळत ती उभी राहिली आणि मनात म्हणाली, गंगे, तू ने. माझ्या हातानं नाही, तुझ्या हातानं ने. माझी पोरगी सुटंल. कुणी पाहत नाही. हात पाण्याखाली गेला. तिनं नावेच्या नाकाकडे पाहिलं. अंधारात शेंदूर दिसत नव्हता, पण तो तिथं होता, आणि त्यावर तिनंच हात ठेवला होता, पुरुष हसत असताना.

"माय," मागून प्रेमिला म्हणाली. इतकंच म्हणाली.

धुरपताबाईनं बांबू दिला.

त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि श्वास येताच नावेच्या कडेला हात घातला. नाव कलली. परात घसरली. प्रेमिलानं ती धरली.

"हात काढ," धुरपताबाई म्हणाली.

"वर घे मामी. घे वर."

"हात काढ म्हणतो." त्यानं काढला नाही, जोर लावून वर येऊ लागला. तेव्हा तिनं वल्ह्याची कड त्याच्या बोटांवर मारली. तो कळवळला आणि पाण्यात लोंबकळला. तिनं पुन्हा मारली. मग अंबाडीचा दोर त्याच्याकडे फेकला. "काखेतून बांध. गाठ मार."

"वर घे ना गे..."

"बांबू द्याची शपथ हाय. नावेत घ्याची नाही."

दोराचं दुसरं टोक तिनं मधल्या फळीला बांधलं, प्रेमिलाच्या बाजूला. तुटलेला पालीचा दोर पदर फाडून जोडला आणि लुगड्याची ती पाल पुन्हा वर चढवली. वारा थोडा थोडा येत होता. नाव हलली. तिच्या कडेला, हातभर अंतरावर, जावई पाण्यातून ओढला जाऊ लागला.

"काठावर सोड मले," तो म्हणाला.

"सोडीन. आमच्या घाटावर, उजाडल्यावर. चार माणसं पाहतीन असं सोडीन. इथं सोडलं तं तू झाडीतून आमच्या आधी पोचशील."

"मी मरून जाईन रातभर पाण्यात."

"भादव्याचं पाणी हाय, मरत नाही. तू झिंग्यांसाठी पहाटेपासून उभा राहतोस ना?"

मग तिच्या ध्यानात आलं की आपण त्याला अरेतुरे करून राहिलो आहोत. लग्नात ज्याचे पाय धुतले, तो जावई. आजवर भांडणातही जिभेवर "तुमी"च आलं होतं. आता ते परत येईना, आणि तिनं आणलंही नाही.

तो आधी शिव्या देत होता. तिला, तिच्या मेलेल्या नवऱ्याला, नावेला. मग धमक्या. घाटावर पोचू दे, मग पह्य. संगमाजवळ बाघनदीचं पाणी येऊन मिळतं, तिथं भोवरे असतात. नाव गरगरली तेव्हा तो रडू लागला. "मामी, सोडू नोको वो. मी नाही मारणार. देवाची आण, हात नाही लावणार." भोवरा मागं पडला आणि वारा सुधारला, तसा त्याचा आवाजही सुधारला. "पण तिनं झिंगे शिजवले असते तं काय झालं असतं? सांग ना. एवढं कायचं होतं?"

"हे इचारून राहिला अजून," धुरपताबाई स्वतःशीच म्हणाली.

एकदा तो गुपचूप दोरानं जवळ सरकला आणि कडेवर हात टाकून सगळा भार दिला. नाव उलटायला आली. धुरपताबाई वल्हं घेऊन धावली आणि मारत सुटली. बोटांवर, मनगटावर, कपाळावर. दर मारासरशी तिच्या तोंडून "महादेवा, महादेवा" निघत होतं. मुंगी चिरडली तरी हात जोडणारी बाई ती. त्याच्या कपाळातून रक्त डोळ्यात आलं तेव्हा कुठं तो मागं सरकला आणि पुन्हा तसं केलं नाही. तिनं वल्हं परत पाण्यात घातलं. आपल्याला हे जमतं, याचंच तिला भ्याव वाटलं.

"तो हाय का अजून?" प्रेमिलानं विचारलं.

"हाय."

"बरं." बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "माय, पोट फुगल्यासारखं वाटून राहिलं."

"पाणी पे बाई. मी तुह्या पाया पडतो. महादेव रागवत नाही आजाऱ्यावर."

"आता कितीक राहिलं? पहाटे पेतो." तिनं कूस वळवली, आईकडे पाठ, दोराच्या गाठीकडे तोंड. "तू नाव सांभाळ. मी जागर करतो. दिव्यात तेल घालाचं माह्याकडे."

घोंगडी तिच्या खांद्यावर होती. मधून मधून घोंगडीखाली हात हलत होता. दिव्यात तेल घालत असेल, परात सारखी करत असेल, असं धुरपताबाईला वाटलं. पालीच्या सावलीत नीट दिसत नव्हतं, आणि तिचं सगळं लक्ष पुढच्या खडकांवर होतं. एकदा तिनं हाक मारली. "प्रेमिले?" "जागीच हाव माय," उत्तर आलं. आवाज दमलेला, काहीतरी जड काम करून आल्यासारखा. "गोष्ट अर्धी राहिली ना. पार्वती रानात गेली, मंग?"

"मंग तिनं वाळूचा महादेव केला. रातभर जागली."

"अना सखी?"

गोष्टीत सखीचं पुढं काही सांगत नाहीत. धुरपताबाई म्हणाली, "सखी बाजूलेच बसली होती. हलली नाही तिथून."

प्रेमिलानं "हं" म्हटलं.

पूर्वेकडे राखेसारखा उजेड आला तेव्हा घाटावरच्या बायांची गाणी ऐकू येऊ लागली. रातभर जागलेल्या बाया आपापले महादेव टोपल्यांत घेऊन पाण्यात उतरत होत्या. धुरपताबाईच्या अंगातलं सगळं बळ त्या आवाजानं परत आलं. "आलो बाई," ती म्हणाली. "ऊठ. आपला घाट आला. आता पेशील ना पाणी?"

दिवा जळत होता. तेल भरलेलं होतं. वाळूची पिंड जशीच्या तशी होती, त्यावरचे बेल फक्त सुकले होते.

धुरपताबाईनं लेकीच्या खांद्याला हात लावला आणि तो काढून घेतला. मग पुन्हा लावला.

नाव आपोआप वाळूला लागली. बाया गायच्या थांबल्या. पुरुष धावत आले, त्यांनी पाण्यातल्या माणसाला काठावर ओढलं. बकाराम गुडघ्यांवर बसून खोकत होता, अंगाचं कातडं पांढरं, बोटं सुजलेली. त्यानं नावेत पाहिलं.

"प्रेमिला काऊन बोलत नाही?" तो म्हणाला.

"तू जित्ता हायस," धुरपताबाई म्हणाली. "तिनं मागतलं होतं ते तिले भेटलं. आता काठावर राह्य. माह्या नावेले हात नको लावू."

तिनं परात उचलली, कमरेइतक्या पाण्यात गेली आणि लेकीच्या वतीनं महादेव शिरवला. वाळू वाळूत मिळायला वेळ लागत नाही. मग ओंजळभर पाणी आणून तिनं प्रेमिलाच्या ओठांवर सोडलं. ते आत गेलं नाही, गालावरून घोंगडीत मुरलं. पाल उतरवून तिनं तिला झाकलं. लग्नातल्या लुगड्याचा भाग तोंडाकडे येईल असं झाकलं. आणि तेवढ्यात पश्चिमेचा असा वारा सुटला की घाटावरच्या सगळ्या बायांचे पदर उडाले.

सगळे प्रेमिलाला न्यायला बाज शोधण्यात गुंतले होते तेव्हा तिनं फळीचा दोर सोडला. गाठीपासून वीतभर अंतरावर तिचा हात थांबला. अंबाडीचा चार पेडांचा दोर. तीन पेड कापलेले होते, कोयत्याच्या धारेनं, थोडे थोडे करून, कमजोर हातानं कापावे तसे. चौथा पेड शाबूत होता. त्याच एका पेडावर बकाराम घाटापर्यंत आला होता. घोंगडीच्या कडेखाली कोयता होता, मुठीवर प्रेमिलाची बोटं अजून सैल टेकलेली.

धुरपताबाईनं ती बोटं सोडवली. कोयता पाण्यात सोडला. दोर गुंडाळून काखेत घेतला. हात थांबला होता की हात थकला होता, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

पुढं शिपाई आले, बकारामला घेऊन गेले. घरात काय झालं हे शामकलाबाईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मी चुलीकडे तोंड करून बसली होती, मी काही पाहिलं नाही. मागच्या दाराविषयी जे ती बोलली होती, तेच तिनं तिथंही सांगितलं. धुरपताबाईचं म्हणणं आईचं म्हणून कुणी धरलं नाही. पोरगी नावेत पडली असेल, पडून लागलं असेल, असं ठरलं. तो सुटून आला आणि होळीच्या आत त्यानं दुसरी केली.

नदीकाठी मात्र गोष्ट वेगळी झाली. अंगावर मार, पोटात रक्त, चारी बाजूंनी पाणी, आणि पोरीनं थेंबही घेतला नाही. नवरा रातभर धारेत राहून जिवंत आला. तीज फळली ती अशी, असं बाया एकमेकींना सांगू लागल्या. तिजेच्या दुसऱ्या पहाटे महादेव शिरवायला आल्या की त्या धुरपताबाईच्या नावेच्या मधल्या फळीला हळदकुंकू लावतात. धुरपताबाई लावू देते. तीही सगळे उपासाचे वार करते, सगळे दिवे लावते, तिचं देवाशी भांडण नाही.

एका वर्षी नवी लग्न होऊन आलेली एक पोरगी पलीकडे जायला नावेत बसली. हिरवा चुडा, ओठ सुकलेले. मनगटावर काहीतरी निळं होतं, ते ती बांगड्या सारून झाकत होती.

"काकी," तिनं विचारलं, "खरंच का वो, तिनं पाणी नाही पेलं?"

"नाही पेलं."

"नवऱ्यासाठी?"

धुरपताबाईच्या पायाशी जुना दोर पडला होता. ती तो कशालाच बांधत नाही, आणि फेकतही नाही. त्याचं एक टोक बाहेर आलं होतं. तिनं ते पायानं आत सारलं आणि लोट्यात नदीचं पाणी भरून पोरीपुढं धरलं.

"तू पे," ती म्हणाली. "अना धरून बस. आता वारा येऊन राहिला."